बी साइडवरची गुरं

सात-आठ माणसं काउंटरसमोर अर्धगोल करून गात होती आणि मला त्यांना थांबवता येत नव्हतं. सकाळची वेळ, दुकान नुकतं उघडलेलं. ट्रान्झिस्टरचे सेल घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक सेल हातात धरून तसंच उभं राहिलेलं. एकाच्या गळ्यात ढोलकी, एकाच्या हातात टाळ, बाकीचे कोरस. गाणं संपलं तेव्हा मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं.

"आवाज चांगला आहे. नाव देऊन ठेवा. ऑडिशन गुरुवारी असते."

"ऑडिशन नाय," त्यांचा पुढारी म्हणाला. "आमी जवाब घेवन आलाव."

"कसला जवाब?"

"तुमच्या कॅसेटीचा. आता तुमी सांगा, बरोबर का चूक."

"मला काय विचारता?"

"मंग कुणाला इचारायचा? कॅसेट तुमीच काढलीत ना?"

मला काही म्हणजे काही कळेना. ही माणसं दापोलीकडून दोन एसट्या बदलून आली होती. बरोबर की चूक हे ऐकल्याशिवाय जायला तयार नव्हती. शेवटी मी चहा पाजला, "कळवतो" म्हणालो आणि त्यांना वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी दुसरी पार्टी आली. तिच्याकडे दुसरा जवाब होता.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. मुंबईत एका डबिंग स्टुडिओत काही वर्षं काढून ऐंशीच्या दशकात रत्नागिरीला परत आलो. तेव्हा कॅसेटची लाट आली होती. आमचे मालक दामूअण्णा यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचा स्टुडिओ काढला आणि मला बसवलं. मधल्या भिंतीत काच बसवली. आवाज घुमू नये म्हणून आंब्याच्या पेट्यांत घालतात ते गवत पोत्यांत भरून भिंतींना टांगलं. पावसाळ्यात त्या पोत्यांना असा वास यायचा की गवयी आधी शिंकायचे आणि मग गायचे. पण आवाज स्वच्छ यायचा, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

ज्या कॅसेटवरून हा सगळा घोळ झाला ती शाहीर यशवंत आणि पार्टी यांची पहिली कॅसेट. आता असल्या ग्रुपला पॉप ग्रुप म्हणतात आणि कॅसेटला अल्बम. यशवंत मुंबईत गिरणीत होता. संप झाला, गिरणी गेली, आणि तो गावी परत आला. त्याच्या वाडीतले आणखी काहीजणही तसेच परत आले. मुंबईच्या खोलीत ही मंडळी हौसेने शक्ती-तुऱ्याचा नाच करायची. गावी आल्यावर हौसेचं पोट झालं. सुपारी मिळाली, म्हणजे कुणी कार्यक्रम ठरवला, तर घरात चार पैसे यायचे. यशवंतचा आवाज एवढा मोठा की मी त्याला माइकपासून पार मागच्या भिंतीला टेकवून उभा करायचो.

शक्ती-तुरा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण मलाही तेव्हा धड माहीत नव्हतं. आमच्या घरी कीर्तन आणि नाट्यसंगीत. शक्ती-तुरा म्हणजे गाण्यातला सामना. एक पार्टी शक्तीवाल्यांची, एक तुरेवाल्यांची. एक शक्तीला मोठं म्हणणार, दुसरी शिवाला. यशवंत तुरेवाला. दोघांनी समोरासमोर उभं राहून गाण्यातून भांडायचं. आधी गण, मग गवळण, आणि शेवटी सवाल. सवाल पुराणातला असतो आणि समोरच्याने तिथल्या तिथे गाण्यातच जवाब द्यायचा असतो. माझ्यासारख्याला ही करमणूक वाटते. त्यांच्यासाठी ती इज्जत असते.

रेकॉर्डिंगच्या दिवशी समोर पार्टी नव्हतीच. दोन पार्ट्या बोलावल्या तर खर्च डबल, म्हणून दामूअण्णांनी एकच बोलावली. ए साइड छान झाली. बी साइडवर गवळण संपली आणि मी पाहिलं, तर टेप अजून बरीच शिल्लक. दामूअण्णा माझ्या मागेच उभे होते.

"रिकामी टेप जाता कामा नये. गिऱ्हाईक म्हणतं कॅसेट बिघडली."

मी काचेतून यशवंतला हाताने खूण केली. अजून. अजून. त्याने क्षणभर वर पाहिलं, ढोलकीवाल्याला मान हलवली आणि एक सवाल लावला.

"डोंगर नेला देवानं, गुरं चराया गेली,
सांग शाहिरा, सांज झाली ती कुणाच्या गोठ्यात आली?"

देवाने औषधासाठी अख्खा डोंगर उपटून नेल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेली. पण त्या डोंगरावर चरायला गेलेल्या गुरांचं काय झालं, हा विचार मी तरी कधी केला नव्हता. चाल सुंदर होती. टेप संपेपर्यंत तो तेवढंच घोळवत राहिला. मी खूश, दामूअण्णा खूश. कॅसेट बाजारात गेली.

आणि खपायला लागली. अशी खपायला लागली की आम्ही घाबरलो. दामूअण्णा म्हणाले, गवळण चांगली आहे म्हणून. मी म्हणालो, ढोलकीचा बॅलन्स मी चांगला केलाय म्हणून. दोघांनाही खरं कारण माहीत नव्हतं. मग लोक कॅसेटी परत घेऊन यायला लागले.

"ही बिघडलेली हाय," एकजण म्हणाला. "पुढचा गाणा नाय हिच्यात. जवाबवाली द्या."

"जवाबवाली निघालेलीच नाही."

"असा कसा? सवाल निघाला तर जवाब निघायलाच पायजे."

त्याला बदली दुसरी कॅसेट दिली. ती लावून बघितली आणि म्हणाला, हीपण बिघडलेली. दुसरीकडे, मासळीचा एक टेम्पोवाला आमच्याकडे नेहमी यायचा. त्याने सांगितलं की हर्णैला संध्याकाळचा लिलाव सुरू व्हायच्या आधी बंदरावर दोन तट पडतात. एक म्हणतो, गुरं डोंगराबरोबर लंकेला गेली. दुसरा म्हणतो, डोंगर रात्री नेला, रात्री गुरं रानात असतीलच कशाला? टेम्पोवाल्याचं स्वतःचं मत होतं की ती गुरं देवाने डोंगरासकट परत आणून ठेवली. "बरोबर ना?" त्याने मला विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मुद्दाम लपवतोय.

हळूहळू डोक्यात उजेड पडला. सवाल कॅसेटमध्ये होता आणि समोर पार्टी नव्हती. त्यामुळे ज्या गावात ती वाजली त्या गावच्या शक्तीवाल्यांना वाटलं, हा आपल्यालाच टाकलाय. चहाच्या टपरीवर वाजली की टपरीवर बसलेला शाहीर अस्वस्थ. जवाब दिला नाही तर हार मानल्यासारखं. द्यायचा तर कुणाला? मग दुकानाला. कॅसेटीवर पत्ता आमचाच होता.

दामूअण्णांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. "विनायक, जवाबाची कॅसेट काढायची. यशवंतला बोलाव. मंडणगडच्या रामजीबुवांना मी बोलावतो. त्यांच्याएवढा शक्तीवाला जिल्ह्यात नाही."

यशवंत आला. मी त्याला बातमी सांगितली. त्याचा चेहरा उतरला. दामूअण्णा खाली गेल्यावर त्याने स्टुडिओचं दार लावून घेतलं.

"साहेब, एक बोलू? जवाब नाय."

"नाही म्हणजे? विसरलास?"

"नाय म्हंजे नायच. तुमी काचेतनं हात फिरवत व्हतात, अजून, अजून. माज्याकडं पक्कं सवाल हायत. पण ते कॅसेटीत घातलं असतं तर अख्ख्या जिल्ह्यानं जवाब बांधून ठेवलं असतं. मंग सामन्याला काय घेवन जाऊ? म्हणून एक असाच लावला. समोर पार्टी कुठं व्हती? भिंतीला कोण जवाब देतो?"

मी हसलो. तो हसला नाही. मग त्याने रीत सांगितली. जो सवाल टाकतो त्याला जवाब माहीत असलाच पाहिजे, आणि जवाबाला आधार पाहिजे. कुठल्या पोथीत, कुठल्या अध्यायात, ते त्याने चार लोकांसमोर सांगायचं. म्हणूनच आलेल्या जवाबांपैकी एखादा बरोबर म्हणून मोकळंही होता येत नव्हतं. लगेच पुढचा विचारणार, आधार दाखव. आणि शाहिराने खोटा सवाल टाकला असं उघडं पडलं, तर भर लोकांत फेटा उतरवून ठेवायचा. परत गायला उभं राहायचं नाही.

"मी एकटा असतो तर बसलो असतो घरी," यशवंत म्हणाला. "पण पार्टीतल्या सगळ्यांच्या चुली ह्याच्यावर हायत, साहेब. आमाला आता कुठली गिरणी घेणार?"

मला खरोखर वाईट वाटलं. मी म्हणालो, मास्टरमधून तो सवाल कापून टाकू. मास्टर म्हणजे मूळ टेप, जिच्यावरून बाकीच्या कॅसेटी भरतात. ब्लेडने तुकडा कापायचा आणि दोन टोकं चिकटवायची, पाच मिनिटांचं काम. यशवंत म्हणाला, "आणि लोकांच्या डोक्यातनं कसा कापाल?" आमच्या गल्लीतली पोरं तोपर्यंत त्या चालीवर दोरीच्या उड्या मारत होती.

मी माझ्या परीने शोध घेतला. काका कीर्तनकार होते. संध्याकाळी सुपारी कातरत बसले होते. म्हटलं, "काका, देवाने डोंगर नेला तेव्हा त्यावरच्या गुरांचं काय झालं?"

अडकित्ता थांबला. "डोंगरावर गुरं होती असं कुठे आहे?"

"समजा होती."

"समजा कसं? पुराणात समजा नसतं," काका म्हणाले आणि माझ्यावरच तडकले. पण दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मला बाजूला घेऊन म्हणाले, "आधी ती गुरं कुणाची होती ते शोध. म्हणजे पुढचं सोपं जाईल." त्यांची झोप उडालेली दिसत होती. मी हात टेकले.

दामूअण्णांनी तोपर्यंत आणखी एक उद्योग करून ठेवला होता. जवाब लोकांसमोर झाला नाही तर तो जवाब धरत नाहीत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. स्टुडिओत लोक मावणार नाहीत. म्हणून त्यांनी गॅलरीत दोन स्पीकर बांधले आणि गावभर सांगितलं, रविवारी दुपारी गल्लीत या. माझ्या मिक्सरवर एक जादा फेडर त्या स्पीकरसाठी जोडला. फेडर म्हणजे सरकवायची कळ. वर केली की आवाज गल्लीत, खाली केली की बंद.

रविवारी गल्ली माणसांनी भरली. बरेचसे पुरुष मुंबईहून परत आलेले, हे त्यांच्या पँटींवरून आणि उभं राहण्यावरून कळत होतं. सुट्टी नसताना गावात असलेला माणूस कसा उभा राहतो ते आम्हाला त्या वर्षांत ओळखता यायला लागलं होतं.

रामजीबुवा एसटीने आले. वय झालेलं, अंगात काळा कोट, डोक्याला फेटा. गवताची पोती त्यांनी दाबून बघितली आणि म्हणाले, "पेंडा बरा हाय. गुरं कुठं हायत?" कुणीच हसलं नाही. त्यांना कळलंय की काय, हेच मला कळेना. यशवंतने त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

दोघांना समोरासमोर उभं केलं, दोन माइक लावले. मी टेप सुरू केली, गल्लीचा फेडर वर केला. यशवंतने सवाल लावला. त्याचा मोठा आवाज त्या दिवशी इतका बारीक झाला होता की प्रथमच मला त्याला माइकजवळ बोलवावं लागलं.

सवाल संपला. ढोलकी हलकी वाजत राहिली. ती थांबली की जवाबाची वेळ संपली, अशी रीत. रामजीबुवा डोळे मिटून उभे. मीटरवरचा काटा ढोलकीपुरता हलत होता. यशवंत जमिनीकडे बघत होता आणि त्याचा एक हात फेट्याला लागलेला होता. मला वाटलं, आता बुवा म्हणणार, हा सवालच खोटा आहे. त्यांनी तेवढं म्हटलं की झालं. जिल्ह्यातली सगळ्यात खपाची पार्टी एका वाक्यात घरी बसली असती.

बुवांनी डोळे उघडले.

"डोंगर नेला, वाट ऱ्हायली, वाट कुणी ना नेली,
ज्या गोठ्याचं दावं गळ्यात, त्याच गोठ्यात आली."

यशवंतने मान वर केली. रीतीप्रमाणे त्याला विचारावंच लागलं.

"आधार सांगा, बुवा."

"पोथीतला नाय," रामजीबुवा साध्या बोलण्यात म्हणाले. "घरचा हाय. माजा थोरला गिरणीत व्हता. गिरणी गेली. त्याला आणायला कोण गेला नव्हता. एक दिवस सांजच्याला आपणच अंगणात येवन उभा ऱ्हायला. आजून वटीवर बसलेला हाय. जा, त्याला इचार, वाट कुणी दाखवली."

काचेतून मला यशवंतच्या पार्टीतले कोरसवाले दिसत होते. त्यांच्यातला एक तोंड फिरवून पोत्यांकडे बघत उभा राहिला. यशवंत पुढे झाला आणि त्याने बुवांच्या पायावर डोकं ठेवलं. गल्लीत एकच गलका. अर्धे लोक टाळ्या वाजवत होते. बाकीचे ओरडत होते, "ह्यो आधार नाय, पोथी दाखवा!" पण त्या गलक्यात पोथी मागणाऱ्यांना शेजारच्यांनीच गप्प केलं.

बुवांनी यशवंतला उठवलं. उठता उठता यशवंत त्यांच्या कानाशी काहीतरी बोलायला लागला, आणि दोघेही माइकच्या तोंडाशीच होते. गल्लीचा स्पीकर चालू. मी झडप घालून फेडर खाली ओढला. एवढ्या वर्षांच्या कामात माझा हात इतका चपळ कधी चालला नाही. ते काय बोलले ते फक्त माझ्या हेडफोनमध्ये आलं, आणि टेपवर.

कोण जिंकलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. रामजीबुवांना विचारलं तर म्हणाले, सवाल जिंकला. यशवंतला विचारलं तर म्हणाला, बुवा जिंकले. काकांना विचारलं तर म्हणाले, "आधार नाही. पण चूक म्हणायला जीभ वळत नाही." आणि सुपारी कातरायला लागले.

जवाबाची कॅसेट निघाली आणि पडून राहिली. जवाब त्या रविवारीच तोंडोतोंडी सगळीकडे पोचला होता, कॅसेट कोण घेणार? वाईट म्हणजे जुनी कॅसेटही खपायची थांबली. सुटलेलं कोडं कुणाला हवं असतं? दामूअण्णा रागावले की मला 'राव' लावायचे. "विनायकराव, जवाब काढायची कुणाला घाई झाली होती?" त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

यशवंतच्या पार्टीचा फेटा मात्र डोक्यावर राहिला. सुपाऱ्या येत राहिल्या, रामजीबुवांबरोबरचे सामने तर माणसं लांबून येऊन बघायची. पुढे आम्ही त्यांच्या आणखी कॅसेटी काढल्या. त्यांत ढोलकी चांगली होती, माइक नवे होते, बी साइड काठोकाठ भरलेली होती. एकही कुणाला आठवत नाही. प्रत्येक कार्यक्रमात लोक ओरडायचे, "गुरं! गुरं!" आणि यशवंत हात जोडायचा. एकदा जवाब मिळालेला सवाल परत टाकायचा नाही, अशी रीत. ज्या गाण्याने पार्टीला नाव दिलं ते गाणं पार्टीने मंचावर एकदाही म्हटलं नाही. बाहेरगावच्या आयोजकांना हे समजावताना माझी दमछाक व्हायची. ते म्हणायचे, हिट गाणं न म्हणणारा ग्रुप आम्ही पाहिला नाही.

आता ते हेडफोनमधलं. जवाबाची कॅसेट भरायच्या आधी मी मास्टरवरचा तो तुकडा ब्लेडने कापला. कापायच्या आधी एकदा ऐकला. मागे गल्लीचा गलका होता आणि पुढे दोन आवाज.

"बुवा, खराच हाच जवाब व्हता?"

"येड्या, खरा सवाल तरी व्हता काय?"

माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो. टेप उरली तर उरू द्यावी, भरायला जाऊ नये. आणि गाणं संपलं की बाहेरचा स्पीकर आधी बंद करावा, टेप मागाहून.